आगाशेबाईंची बोथट कात्री

आगाशेबाई माणसांना अरे-तुरे करायच्या आणि कुत्र्यांना अहो-जाहो.

ठाण्याच्या आमच्या मुलींच्या शाळेत त्या शिवण शिकवत. मुख्याध्यापिका त्यांच्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान, तेव्हा त्यांनाही "अगं सुशीला, खडू संपलेत" असंच. एकदा शाळा तपासायला आलेले साहेब वर्गाच्या दारात घुटमळत होते, त्यांना बाई म्हणाल्या, "ये ना आत, उभा का?" आणि साहेब मुकाट्याने आत येऊन मुलींच्या बाकावर बसले. बाईंच्या बोलण्यात उद्धटपणाचा लवलेश नसे. त्यामुळे राग यायचा तो समोरच्याला घरी गेल्यावर येत असावा.

मी त्या शाळेत भूगोल शिकवायला लागले तेव्हा स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली होती. कोपरीत एक खोली भाड्याने घेतली होती. खोलीच्या मागच्या खिडकीतून आगाशेबाईंचं परस दिसायचं, पण हे मला पहिल्या आठवड्यात ठाऊक नव्हतं. पहिल्या रविवारी सकाळी मी केस विंचरत होते आणि खिडकीबाहेरून आवाज आला, "पाय द्या. अहो, हा नव्हे, डावा द्या. उजवा मघाशी झाला."

मला वाटलं, घरी कोणी मोठे पाहुणे आले असावेत आणि त्यांचे पाय धुणं चाललं असावं. एवढ्या अदबीने आजकाल कोण बोलतं म्हणून डोकावून पाहिलं. फणसाच्या झाडाखाली गोणपाटावर एक मोठा तांबूस कुत्रा कुशीवर पडला होता आणि आमच्या शिवणाच्या बाई त्याच्या पायाची बोटं फाकवून मधले केस कातरत होत्या.

"बघतेस काय?" त्या वर न पाहता म्हणाल्या. "तू नवी भूगोलवाली ना? कोमट पाणी असलं तर आण वाटीभर. यांच्या डोळ्यांत चिपडं आहेत."

आमची ओळख ही अशी झाली.

बाईंची उंची बेताची, अंग काटक, नऊवारी लुगडं नेहमी घोट्याच्या दोन बोटं वर. नाकावर जाड काचांचा चष्मा. हात मात्र पाहत राहावे असे. बोटं लांब नव्हती, पण एकही हालचाल फुकट जात नसे. वर्गात कापड बेततानाही त्या खडूची रेघ एकदाच ओढत. पुसून पुन्हा ओढणं त्यांना पसंत नव्हतं. "आधी बघ, मग हात लाव" हे त्या मुलींना दिवसातून दहा वेळा सांगत आणि मला वाटतं, त्यांचं सगळं शिक्षणशास्त्र त्या एका वाक्यात आलं होतं.

कुत्र्यांसाठी त्यांची कात्री वेगळी होती. बारीक पात्याची, भरतकामाची, पण दोन्ही टोकं विहिरीजवळच्या धुण्याच्या दगडावर घासून गोल केलेली. त्या कात्रीने त्या आधी पंजे करत. बोटांमधले केस फणीने वर ओढून घ्यायचे आणि बोटांच्या उंचीला कापायचे. मग पाऊल उलटं करून तळव्याच्या गाद्यांमधले केस गादीच्या पातळीला आणायचे. "हे वाढले की फरशीवर पाय घसरतात. आपण तेलाच्या हाताने भांडं धरतो ना, तसं होतं यांना." शेवटी पंजाची कड गोल करायची. तोंड सगळ्यांत शेवटी. डावा हात हनुवटीखाली, तर्जनी डोळ्याच्या कडेला आडवी आणि कात्री डोळ्यापासून दूर जाणारी. मिश्यांना त्या हात लावत नसत. एकदा मी म्हटलं, "तेवढे चार केस राहिले की हो, बाई." तर म्हणाल्या, "त्या मिश्या नाहीत गं, बोटं आहेत. अंधारात त्यांनीच चाचपतात."

कुत्र्यांना अहो-जाहो का, हेही मी विचारलं होतं.

"माणसाला शब्द कळतात," बाई म्हणाल्या. "त्याला अरे म्हटलं काय नि अहो म्हटलं काय, अर्थ पोचतो. यांना नुसता सूर कळतो. अहो म्हणताना सूर चढत नाही. करून बघ."

मी करून पाहिलं. खरंच चढत नाही.

ही विद्या त्यांना कल्याणच्या रेल्वे कॉलनीत मिळाली. बाई पूर्वी कल्याणला एका शाळेत होत्या. तिथल्या एका अँग्लो-इंडियन इंजिन ड्रायव्हरच्या बायकोसाठी त्या पडदे, टेबलक्लॉथ भरून देत. त्या मडमेकडे जिमी नावाचा स्पॅनियल होता, कान जमिनीला लागणारे, पायांना झालरी. मडमेची बोटं संधिवाताने वाकडी झाली होती, कात्री धरता येईना. जिमीच्या पंजांच्या गाठी झाल्या होत्या. बाई पडद्याचं माप घ्यायला गेल्या आणि जिमी गुळगुळीत लाद्यांवर चारी पाय फाकून पडलेला पाहिला. "मी कापू का?" असं त्यांनी खुणेने विचारलं. मडमेला मराठी येत नव्हतं, बाईंचं इंग्रजी चार शब्दांचं. मडम खुर्चीत बसून आपल्या वाकड्या बोटाने दाखवायची, बाई कापायच्या. दोन वर्षं हे चाललं. मग देश स्वतंत्र झाला, कॉलनीतली घरं एकेक करून रिकामी व्हायला लागली आणि ड्रायव्हरनेही मुलाकडे विलायतेला जायचं ठरवलं. निघताना मडम बाईंना म्हणाली, जिमीला तू ठेव.

बाईंनी घरी येऊन नानांना विचारलं.

नाना म्हणजे बाईंचे थोरले भाऊ. कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले, विधुर, मूलबाळ नाही. बाईंनी लग्न केलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही आणि विचारलं असतं तरी "अगं, राहून गेलं" यापलीकडे उत्तर मिळालं नसतं. दोघं बहीणभाऊ जन्मभर एकत्र राहिली. नानांचं सोवळं कडक. ते म्हणाले, "कुत्रं या घराचा उंबरा ओलांडणार नाही." बाईंनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. जिमी एका गार्डाबरोबर भुसावळला गेला आणि पुढे त्याचं काय झालं ते कळलं नाही.

एवढी हकिगत त्यांनी मला एकदाच सांगितली, तीही सुईत दोरा ओवता ओवता.

नानांनी कुत्रं घरात घेतलं नाही, पण बहिणीला परसात कुत्र्यांचे केस कापायला मनाई केली नाही. कदाचित मनाई करायची हिंमत उरली नसेल. मागच्या दाराशी एक खुंटी होती, तिच्यावर एक जुनं लुगडं. ते नेसून काम करायचं, काम झालं की विहिरीवर आंघोळ, मग घरात. बाई हा नियम कधी मोडत नसत आणि नाना रविवारी सकाळी परसाकडे पाठ करून वर्तमानपत्र वाचत बसत.

त्या काळात ठाण्यात अशी लांब केसांची कुत्री बरीच होती. गोरे साहेब गेले, कुत्री राहिली. कोणाच्या बंगल्यावरच्या माळ्याने ठेवून घेतलं, कोणाला खानसाम्याने दिलं. ज्यांच्याकडे ती आली त्यांनी गावठी कुत्र्याखेरीज काही पाहिलेलं नव्हतं. केस वाढत, गाठी होत, डोळे झाकले जात आणि लोकांना वाटे, हा प्राणीच मुळात असा आहे.

तलावाजवळ राहणाऱ्या एका निवृत्त मामलेदारांचं असंच झालं. त्यांच्या जावयाने दार्जिलिंगहून एक छोटी कुत्री आणून दिली होती, छबी. तिच्या तोंडावर केसांचा पडदा. चार वर्षं ती त्या घरात दारांच्या चौकटींवर आपटत हिंडत होती. घरचे म्हणत, बिचारी जरा मंद आहे. आगाशेबाई गेल्या, छबीला मांडीवर घेतलं, "छबीताई, हनुवटी वर करा" म्हणाल्या आणि अर्ध्या तासात दोन काळेभोर डोळे बाहेर काढले. मी पाण्याची वाटी धरून शेजारी उभी होते. छबीने आधी दाराकडे पाहिलं, मग तुळशीकडे, मग टांगलेल्या कंदिलाकडे. मग मामलेदारांकडे पाहिलं आणि मागे सरून भुंकायला लागली.

मामलेदारांचा चेहरा पडला. "चार वर्षं माझ्या हातचं खातेय," ते म्हणाले.

"चार वर्षं नुसता आवाज ऐकत होत्या," बाई म्हणाल्या. "तुझं तोंड आज दिसलं. होईल सवय."

त्यानंतर मामलेदारांनी मिश्या बारीक केल्या असं कोपरीत म्हणत. मी जाऊन खात्री केलेली नाही.

या कामाच्या मोबदल्यात बाई एकच गोष्ट घरी नेत, कापलेले केस. कापडी पिशवीत भरून आणत, रिठ्याच्या पाण्यात धूत, उन्हात वाळवत. पुढे त्यांचं काय होतं ते मला तीनेक वर्षं माहीत नव्हतं. ते कळलं ते एका पालकामुळे. आमच्या शाळेतली प्रत्येक मुलगी सातवीत गेली की सुया टोचायची एक छोटी उशी शिवायची. उशीत भरायचा माल बाई पुरवत. एका मुलीची उशी उसवली आणि तिच्या वडिलांनी आत काय आहे ते पाहिलं. ते याज्ञिकी करणारे गृहस्थ. मुलीने निरागसपणे सांगून टाकलं, "बाईंच्या कुत्र्यांचे केस आहेत." गृहस्थ दुसऱ्या दिवशी आणखी चार पालक घेऊन शाळेत हजर.

मुख्याध्यापिकांच्या खोलीत बाईंना बोलावलं गेलं. मी शिक्षकखोलीच्या दारात उभी राहून ऐकत होते, सगळेच ऐकत होते.

"हे खरं आहे का?" गृहस्थांनी विचारलं.

"खरं आहे," बाई म्हणाल्या. "केसांना जात्याच थोडं तेल असतं. सुया गंजत नाहीत. कापसातल्या गंजतात."

"पण कुत्र्याचे केस. सोवळ्याओवळ्याच्या घरात."

"तीनदा रिठ्याने धुतलेत. तू ज्या गादीवर निजतोस तिच्यातल्या कापसाला कोणी एकदा तरी आंघोळ घातली होती का? आठवून सांग."

गृहस्थ आठवू लागले. बाकीच्या चौघांपैकी एकाला हसू आलं आणि सभा तिथेच मोडली. बाईंना समज देण्यात आली. त्यांनी ती घेतली आणि पुढच्या वर्षापासून उशीत काय भरावं हे ज्या त्या मुलीवर सोपवलं. बहुतेक मुली त्यांच्याकडेच येऊन मागत.

आता लायनरावांची गोष्ट सांगते. बाईंची आठवण निघाली की मला हीच आधी सांगावीशी वाटते, पण ती आधी सांगितली तर बाकीचं कोणी ऐकत नाही.

माझ्या वर्गात कोलशेतची एक मुलगी होती, पार्वती. तिचे आजोबा हिराजी पाटील म्हणजे खाडीकाठचं मोठं प्रस्थ. एकेकाळी त्यांचं कुटुंब मिठागरावर राबलं होतं, आता त्यांच्या स्वतःच्या जमिनी होत्या. तिथल्या एका कारखान्याचा गोरा साहेब देश सोडून गेला तेव्हा आपला भला मोठा केसाळ कुत्रा हिराजींना देऊन गेला. साहेब त्याला लायन म्हणायचा. कोलशेतमध्ये तो लायन्या झाला. मुलं त्याच्या पाठीवर बसत, कोंबड्या त्याच्या अंगावर झोपत.

दिवाळी नुकतीच झाली होती. पार्वती वर्गात रडत बसलेली दिसली. विचारलं तेव्हा म्हणाली, लायन्या पिसाळलाय. चार दिवस बैलगाडीखाली पडून आहे, कोणाला जवळ येऊ देत नाही, आईच्या अंगावर धावून गेला, तिचा पदर फाडला. आज संध्याकाळी बंदूकवाला येणार आहे.

मधल्या सुट्टीत मी हे बाईंना सांगितलं. त्या डबा खात होत्या. त्यांनी डबा झाकला, मुख्याध्यापिकांकडे जाऊन "सुशीला, मी अर्धी रजा घेते, ही मालतीही घेतेय" असं सांगितलं आणि टांगा बोलावला. माझी रजा मी घेतेय हे मला तेव्हा कळलं.

हिराजी अंगणात बसले होते. बाईंना पाहून उठले. शिकवणाऱ्या बाईचा ते मान ठेवत.

"बाय, तू आलीस, बस," ते म्हणाले. "पन त्याचे जवल जाव नको. यो आता आपला राह्यला नाय."

"पाणी पितात का रे?" बाईंनी विचारलं.

"पितो."

"मग बघू दे मला."

"पिसालला नसंल असा बोलतेस?"

"मी काहीच बोलत नाही. पाहिल्याशिवाय कसं सांगू?"

बैलगाडी अंगणाच्या टोकाला होती. बाई तिच्यापासून चार हातांवर मातीत बसल्या, कुत्र्याकडे पाठ करून. पिशवीतून कात्री काढली आणि हवेतच कापल्यासारखी चालवू लागल्या, कच् कच् कच्. मधूनमधून बोलत होत्या. "लायनराव, आज सातवीला झबलं बेतायला दिलं होतं. एकीनेही बाही नीट बेतली नाही." असं बराच वेळ. ऊन कलायला लागलं. मी, हिराजी, त्यांची सून, पार्वती, सगळे ओटीवर बसलो होतो. केव्हातरी कुत्र्याने मान खाली घातली आणि उजवा पुढचा पाय चाटायला सुरुवात केली. बाईंनी मान वळवून पाहिलं. मग बसल्या बसल्याच थोड्या सरकल्या. आणखी थोड्या.

"पाय द्या," त्या म्हणाल्या.

पाय कोणी दिला नाही. त्यांनीच तो अलगद घेतला. कुत्रा गुरगुरला, पण ओढून घेतला नाही. त्या पंजाच्या केसांचा चिखलाने दगड झाला होता. बाईंनी कडेकडेने तो कापत आणला, एका वेळी गव्हाच्या दाण्याएवढा. मधल्या दोन बोटांच्या बेचक्यात लालबुंद गळू दिसलं आणि त्याच्या तोंडातून बाहेर आलेलं एक बारीक काळपट टोक. कुसळ. त्या दिवसांत खाडीकाठचं गवत वाळतं, त्याची कुसळं लुगड्याच्या काठातून काढताना आम्ही रडकुंडीला येत असू. हे आत रुतून पुढे पुढे चाललं होतं.

बाईंनी दोन नखांत ते टोक धरलं आणि ओढलं. जवळजवळ बोटाच्या पेराएवढं निघालं, मागोमाग पू आणि रक्त. त्याच क्षणी कुत्र्याने त्यांच्या मनगटाचा चावा घेतला.

सून किंचाळली. बाई हलल्या नाहीत. "झालं, झालं, निघालं," एवढंच त्याच सुरात म्हणत राहिल्या. कुत्र्याने जबडा सोडला, स्वतःचा पाय हुंगला आणि मग कितीतरी वेळ तोच पाय चाटत राहिला. बाईंनी मनगट पदरात गुंडाळलं आणि उठून उभ्या राहिल्या.

"दुखलं म्हणून चावले," त्या म्हणाल्या. "मीही चावले असते."

बंदूकवाला फाटकाशी येऊन उभा होता. हिराजींनी बाईंच्या पदरावरचं रक्त पाहिलं आणि त्याला आत यायची खूण केली. आता तर त्यांच्या दृष्टीने प्रश्नच उरला नव्हता. बाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"हिराजी, कुसळ तू पाहिलंस."

"पायलं. पन तुला चावला तो. काय झाला त कोनाला बोलू?"

"मला चावले म्हणूनच आता त्यांना मारता येणार नाही. ते जगले तर मी जगणार आहे हे कळेल. मेले तर काहीच कळणार नाही."

हिराजींना हे पटलं की नाही कोण जाणे, पण बंदूकवाला परत गेला.

ठाण्यातल्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. पोटात इंजेक्शनं आजपासून सुरू करू. कुत्रा दहा दिवस डोळ्यांसमोर ठेवा, धड राहिला तर थांबवू. नाही राहिला तर, असं म्हणून त्यांनी वाक्य सोडून दिलं. निरोप मिळताच आलेले नाना शेजारी उभे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा आटोपून त्यांनी माझं दार वाजवलं. डोक्यावर टोपी, हातात छत्री.

"मालतीबाई, त्या कुत्र्याचं घर कोलशेतला नेमकं कुठे?"

त्या दिवसापासून नाना रोज जाऊ लागले. काही अंतर टांगा, मग मिठागरांच्या बांधावरून चालत. दुपारी परत यायचे, विहिरीवर आंघोळ करायचे आणि चहा पिताना बहिणीला अहवाल द्यायचे. भाषा कोर्टाचीच. "आज साडेदहा वाजता पाहिलं असता सदर कुत्रं भाकरी खाताना आढळलं." "सदर कुत्रं आज माझ्या छत्रीवर गुरगुरलं, परंतु लाळ आढळली नाही." बाई पोटावर हात ठेवून पलंगावर पडल्या पडल्या ऐकायच्या. इंजेक्शनांनी पोट सुजलं होतं. त्या हसायच्या नाहीत, कारण हसलं की दुखायचं. पाचव्या दिवसाचा अहवाल असा होता, "आज त्याने शेपूट हलवलं. माझ्याकरता की हिराजींकरता, ते निश्चित सांगता येत नाही."

आठव्या दिवशी नाना दुपारी परत आले नाहीत. चार वाजले, पाच वाजले. बाई उठून दारात बसल्या. पदराचा काठ बोटाला गुंडाळत आणि सोडत होत्या. साडेपाचला नाना आले. धोतर मांडीपर्यंत चिखलाने भरलेलं, एका पायात वहाण नाही. काय झालं होतं, तर लायन्याने दोर तोडला होता. हिराजींची माणसं म्हणाली, पिसाळलेलं कुत्रं असंच निघून जातं आणि कुठेतरी मरतं. नानांनी ऐकलं नाही. सत्तरीला टेकलेला तो माणूस सगळी दुपार मिठागरं आणि खाडीचा काठ तुडवत "लायनराव, लायनराव" हाका मारत हिंडला. शेवटी कुत्रा सापडला तो खाडीच्या चिखलात चारी पायांवर उड्या मारत खेकडे पकडताना. पाय बरा झाला होता, एवढंच त्याचं कारण.

नानांनी त्याला गळ्याला धरून हिराजींच्या घरी आणलं. स्वतःच्या हाताने, सोवळं विसरून.

हे सगळं सांगून झाल्यावर ते तसेच चिखलाच्या धोतराने बसून राहिले. मग म्हणाले, "यमू, त्या कल्याणच्या कुत्र्याला मी नको म्हणालो होतो."

"हो," बाई म्हणाल्या.

"ठेवायला हवा होता."

बाई म्हणाल्या, "चहा घे आधी. निवतोय."

मी तिथून उठून माझ्या खोलीत आले.

दहावा दिवस पार पडला. डॉक्टरांनी इंजेक्शनं थांबवली. कोपरीतल्या बायका बाईंना भेटून गेल्या. आणि अकराव्या दिवशी सकाळी मी शाळेला निघाले तर नाना टोपी घालून, छत्री घेऊन टांग्याची वाट पाहत उभे.

"आता कशाला जाता? मुदत संपली ना?" मी विचारलं.

"त्याच्या मागच्या पायांत चिखल वाळलाय," नाना म्हणाले. "यमूचा हात अजून बरा नाही. तिने कसं कापायचं ते सांगितलंय." आणि कोटाच्या खिशावर हात ठेवून कात्री जागेवर असल्याची त्यांनी खात्री केली.

त्यांना ते काम कधीच नीट जमलं नाही. लायनरावांचे मागचे पंजे पुढे बरेच दिवस उंदरांनी कुरतडल्यासारखे दिसत. पण पुढची तीन वर्षं दर रविवारी बहीणभाऊ कोलशेतला जात. नाना डोकं धरायचे, बाई कापायच्या. घरात कुत्रं आलं नाही ते नाहीच. नाना म्हणत, "आता या वयात नवं कुत्रं आणलं तर आमच्यामागे त्याचं कोण बघेल?" यात खोटं काही नव्हतं. नाना गेले तेव्हा तेराव्याला हिराजी आले होते. जेवले नाहीत, अंगणात बसून राहिले आणि जाताना बाईंना म्हणाले, "बाय, लायन्या रोज बांधाकडं बघत बसतो." त्या वेळी मी बाईंना रडताना पाहिलं, एकदाच.

माझं लग्न झालं, मी डोंबिवलीला आले, शाळा सुटली. बाई निवृत्त झाल्या आणि कोपरीचं घर सोडून कल्याणला भाचीकडे राहायला गेल्या असं ऐकलं. डोंबिवलीहून कल्याण ते केवढं, पण मुलगी लहान, सासूबाई आजारी, आज जाऊ उद्या जाऊ यात दोन वर्षं गेली.

मग एका सकाळी शहाडला मावसबहिणीकडे बारशाला निघाले होते. कल्याणहून टांगा केला होता, मांडीवर मुलगी. वाटेत एका बैठ्या घराच्या पायरीवर बाई दिसल्या. केस पांढरे झाले होते, चष्मा आणखी जाड. दोन गुडघ्यांच्या मध्ये एका मोठ्या पांढऱ्या कुत्र्याचं डोकं होतं. बाई इतक्या खाली वाकल्या होत्या की त्यांचं नाक त्याच्या कपाळाला टेकायचं तेवढं राहिलं होतं.

मला किती सांगायचं होतं. मुलगी दाखवायची होती. मी टांग्यातून अर्धी उठले, हाक मारायला तोंड उघडलं आणि कात्री कुठे आहे ते दिसलं. कुत्र्याच्या डोळ्याला अगदी लागून. मी तोंड मिटलं.

"वळखीच्या हाईत का?" टांगेवाल्याने विचारलं. "थांबवू?"

"नको," मी म्हटलं. "काम चाललंय. येताना थांबू."

येताना पायरीवर कोणी नव्हतं. दार बंद होतं, शेजारच्या म्हणाल्या, देवळात गेल्यात. मुलगी रडत होती म्हणून मी थांबले नाही. पुढच्या वर्षी बाई गेल्याचं कळलं.

पण त्या सकाळी टांगा पुढे निघाल्यावर मी मागे वळून पाहिलं होतं. बाईंनी कात्री खाली ठेवली आणि कुत्र्याच्या तोंडावरचे कापलेले केस हलकेच फुंकर घालून उडवले. त्याने डोळे मिचकावले, मान वर केली आणि रस्त्याकडे, आमच्या टांग्याकडे, नीट पाहिलं. बाई मात्र त्याच्याकडेच पाहत होत्या.